सासूबाईंच्या नावावर गेलेला कूड

आये, तुझी कारवीच्या काड्यांची भिंत, तुझा कूड, आता पाण्यावर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला काय ओरडायचं ते ओरडून घेशील आणि बाकीचं नीट ऐकशील. मी बोलतेय आणि अंगणवाडीच्या बाई लिहून घेतायत. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नव्हतं, तेव्हा पंचाईत दोन्हीकडं सारखीच. मी 'न्हाई' म्हटलं की बाई 'नाही' लिहितात. लिहू देत. निदान कागदावर तरी मी शहाण्यासारखी बोललेली दिसेन.

माझ्या थोरल्याची मुलगी तू पाहिली नाहीस. पुण्याला शिकली, नोकरीला लागली, आणि एक दिवस नोकरी सोडून घरी आली. धरणात पूर्वी पलीकडच्या वाड्यांतली माणसं एसटीपर्यंत आणणारी लाँच होती ना, रस्ता झाल्यापासून ती काठावर चिखलात पोट टेकून पडली होती. ती हिनं घेतली. म्हणे तिच्यात घर करायचं, दोन पलंग, एक ओटा, आणि पुण्याची माणसं येऊन पाण्यावर झोपणार. मी म्हटलं, "का गं, त्यांना जमिनीवर झोप येत न्हाई व्हय?" तर म्हणाली, "नाहीच येत, आज्जी. म्हणून तर येतील." मला ते पटलं. पण लाँच पडली लोखंडाची. दुपारी आतून तव्यासारखी तापायची आणि पहाटे त्याच लोखंडाला घाम सुटून पाणी ओघळायचं. आतून भिंतींना काहीतरी लावल्याशिवाय तिथं माणूस राहणं शक्य नव्हतं.

मग सुरू झाला आतल्या भिंतीचा शोध. लगीन जमवताना एवढी स्थळं बघत नाहीत. नसरापूरचा सुतार टेम्पोतून तुकडे घेऊन यायचा आणि ही पोर ते ओसरीवर मांडून मला विचारायची. प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या आल्या, मी म्हटलं, ह्यात झोपलेलं माणूस सकाळी उठून सलाइन कुठं आहे विचारेल. तरी तिनं त्याच लावल्या, कारण पुसायला सोप्या. चैत्राच्या उन्हात त्या अशा फुगल्या की पापड बरा, आणि आत वास सुटला, जळक्या चपलेसारखा. त्या काढल्या. मग प्लायवूड लावलं, भारीतलं, पाण्याला दाद न देणारं. पाण्याला दिली नाही, पण घामाला दिली. पावसाळा सरल्यावर एक फळी उचकटून बघितली तर पाठीमागनं काळी बुरशी, कोळशानं सारवल्यासारखी. सागाची फळी लावावी तर सुतार म्हणाला, वजनानं बोट खाली बसेल. त्या दिवशी पोर काठावरनं आली ती पाय धुवायलाही थांबली नाही. म्हणाली, "आज्जी, मी चुकले. मी ती भंगारात देते आणि परत पुण्याला जाते." रडली नाही. रडली असती तर मी चार शिव्या देऊन हसवली असती. न रडणाऱ्या माणसाला काय द्यायचं ते मला कधी कळलं नाही. तुलाही मी कधी काही दिलं नाही.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "गोठ्यातला कूड बघ की."

सुतारानं तो नुसता बघितला नाही, त्याच्यावर कान ठेवून टकटक केली. कारवीची काडी मोडून दाताखाली धरली. म्हणाला, "आजी, ह्याला एक भोक न्हाई किड्याचं. धूर लई खाल्लाय ह्यानं. वजनाला बी कायच न्हाई. लोखंडापासनं बोटभर सोडून पट्ट्यांवर ठोकला, तर घाम मागच्या मागं खाली उतरंल, आन् काड्यांतनं वारं खेळंल. फक्त ही माती काढाय लागंल. मातीचं वजन नको आन् ओल बी नको."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे असे झाले होते की मला गप्प बसवेना. पण पोर तुझ्यावर गेलीय, घाईनं काही घेत नाही. तिनं विचारलं, "आज्जी, हा कुणी बांधलेला? कुणाची आठवण वगैरे असेल तर नको. खरंच नको."

मी म्हटलं, "तुझ्या पणजीचा. माझ्या सासूबाईंचा. तोडा खुशाल."

आये, सासूबाई म्हणजे कोण ते तुला सांगायला नको. ह्याच धरणाचं पाणी चढणार म्हणून आपल्या गावात घरं उतरवायला लागले, तेव्हा भावांनी वासे काढले, कौलं काढली, दारं काढली. कूड कोण नेतो? नव्या जागी विटांची घरं मिळणार होती. तू एकटी बसलीस चुलीमागच्या कुडाच्या दोऱ्या सोडत. मी आले तेव्हा खालच्या वावरात पाणी शिरलेलं, आणि तू वर मान न करता म्हणालीस, "घर घेऊ दे, वावार घेऊ दे, माजी भित्ताडं न्हाई द्यायची म्या पाण्याला." आणि टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून ती आमच्या शिवऱ्याच्या घरी, माझ्या सासरी, उतरवलीस. लेकीच्या दारात आईनं राहायचं नसतं, म्हणून तू स्वतः नाही राहिलीस, कूड ठेवलास. सासूबाई उंबऱ्यात उभ्या. म्हणाल्या, "लोकांच्या सुना माह्येरनं सोनं आणत्यात. आमच्या सुनंनं काटक्या आणल्या." तू ऐकलंस. मी ऐकलं. कूड गोठ्यात गेला, आणि तू गोठ्यातच तो उभा केलास, बांधलास, सारवलास. दर वर्षी दिवाळीच्या आधी यायचीस, शेणमाती कालवायचीस, सारवून हात धुवून पुढच्या एसटीनं परत. सासूबाईंनी त्या भिंतीला एकदा हात लावला असेल, तोही गाईनं ढुशी मारली तेव्हा, आधाराला.

मग मी का तसं सांगितलं? आईचा म्हटलं असतं तर पोरीनं घेतला नसता, आणि ती गेली असती. हे खरं आहे. बाईंनाही मी एवढंच सांगितलं होतं. पण सुतार समोर उभा होता, पोर बघत होती, आणि 'माझ्या आईचा' हे दोन शब्द मला तोंडातून बाहेर काढता आले नसते. सासूबाईंचं नाव कसं, लगेच येतं. त्यांच्या नावानं मला आयुष्यात कधी गलबलून आलेलं नाही.

माती मी काढली. पोर पाण्याचा पाइप घेऊन आली होती, मी म्हटलं, जोरात मारशील आणि काड्या फुटतील, दे इकडं. अंगणात कूड आडवा टाकला. तू गेल्यावर मी त्यावर कधी सारवलं नव्हतं, बरं का. सगळे म्हणायचे, हिला आळस. तुझा शेवटचा हात तसाच होता, उजवीकडून डावीकडं बोटांच्या चंद्रकोरी, एकीत एक अडकलेल्या, आणि खालच्या कोपऱ्यात, वाकता येत नव्हतं तेव्हाच्या, जरा तुटक. पाणी सोडलं तशी माती आधी काळी झाली, मग फुगली, मग सुटली. भिजल्यावर तुझ्या चंद्रकोरी आधी होत्या त्यापेक्षा उठून दिसल्या. तिथंच थांबता आलं असतं. मी थांबले नाही. तळहातानं पुसत गेले. पोर म्हणाली, "आज्जी, किती हळू करतेस." मी म्हटलं, "तुज्या पणजीचा स्वभाव कडक व्हता, जोरात घासलं तर उठून बसंल." ती हसली. मीही हसले. अंगण सगळं गढूळ झालं आणि ते पाणी आंब्याच्या आळ्यात गेलं.

बोट छान झालीय. तू शिव्या दिल्यास तरी मी हे म्हणणार. काड्या तेल लावून काळ्याभोर चमकतात, दुपारी आत गार वाटतं, पहाटे थेंब नाही. पुण्याची माणसं येतात, भिंतीवरून बोटं फिरवतात, फोटो काढतात. आणि पोर त्यांना सांगते, ही माझ्या पणजीनं बांधलेली भिंत. एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. तिनं कपाटातनं सासूबाईंचा फोटो काढला, नवी चौकट करून घेतली आणि ऐन मधोमध लावला, हार घालून. तुझ्या भिंतीवर, आये! काटक्या म्हणाल्या होत्या, त्याच काटक्यांवर आता नाकात नथ घालून बसल्यात आणि लोक त्यांना हात जोडतात. परवा एक बाई मला म्हणाली, "तुमच्या सासूबाई काय कलाकार होत्या हो!" मी म्हटलं, "फार." तुझा तर एक फोटोसुद्धा नाही.

तुला राग भिंत पाण्यावर नेल्याचा जास्त येईल की ह्या हाराचा, ते मला ठरवता येत नाही. मी दोन्ही धरून चालते. बाई म्हणतायत, नातीला खरं सांगा, ती आजच्या आज फोटो उतरवेल. उतरवेल, मला ठाऊक आहे. मग तुझं नाव विचारेल, गाव विचारेल, पाण्यात बोट नेमकी कुठं आली की खाली तुझं घर येतं ते विचारेल, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगेल. चांगल्या मनानं सांगेल.

पाहुणे उतरून गेले की पोर भांडी आवरते आणि मी आत एकटी बसते, भिंतीला पाठ लावून. दार-खिडकी बंद असली की काड्यांतून तुझ्या चुलीच्या धुराचा वास येतो, अजून. पोरीलाही येतो, पण तिला तो सासूबाईंच्या चुलीचा वाटतो. कुणाचा ते फक्त मला माहीत असतं. बाई, हा कागद तुमच्याकडंच राहू द्या, पोरीला दाखवू नका. तिच्यासाठी गप्प बसले असं मी इतके दिवस म्हणत होते. तसं नाही, आये. मला तू कुणाशी वाटून घ्यायची नाहीस.