त्या दुपारचा चौथा माणूस

ओबरलेह, १४ ऑक्टोबर

प्रिय रुपर्टमामांना,

लोरेन्झचा नमस्कार. घरी सगळे ठीक. आईने तुमच्या कोंबड्या आमच्याकडे आणल्या आहेत. तांबडी रुसली आहे, पण खाते. बटाटे काढून झाले. हाताची पट्टी रोज बदलतात ना?

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे.

सोमवारी आपल्या स्वयंसेवक अग्निशमन दलाची सभा आहे. तुमच्याकडून मास्क, म्हणजे धुरात शिरायचे काम, काढून घ्यायचे चालले आहे. "नियम मोडला त्याने," असे सगळे म्हणतात. नियम मलाही पाठ आहे: दोघे धुरात जाणार, तर दोघे मास्क लावून दाराबाहेर तयार हवेत. त्या दुपारी ब्रांडलआजींचे घर पेटले, तेव्हा मास्कवाले तिघेच आले. आजी आत खोकत होत्या, म्हणून तुम्ही क्विरिनला घेऊन शिरलात. तो आजींना घेऊन बाहेर पडला आणि छत तुमच्यावर आले. बाहेर पॉल एकटा. एकट्याने आत जायचे नाही. शेजारच्या गावची गाडी येईपर्यंत नऊ मिनिटे गेली.

चौथा मी होतो.

परवा दवाखान्यात सफरचंद सोलताना मी म्हणालो, पेजरची बॅटरी गेली होती. तुम्ही म्हणालात, "बरं झालं गाढवा. तुला काही झालं असतं तर ताईने मला पुन्हा भाजलं असतं." मी हसलो.

बॅटरी मी त्याच सकाळी बदलली होती. पेजर वाजला, मग भोंगाही. सुतारकामाचा आमचा कारखाना दलाच्या ठाण्यापासून तीनशे पावलांवर. मी रंधा खाली ठेवला, बूट चढवले, दारापर्यंत आलो आणि पाय उचलेनात. गाडी समोरून गेली. तुम्ही खिडकीतून इकडेतिकडे बघत होतात. मी दाराआड सरकलो.

मार्चमध्ये वळणावर ती मोटार उलटली, तेव्हापासून असे होते. त्या मुलीचे डोके मी चाळीस मिनिटे धरून बसलो होतो. नंतर जिल्ह्याहून आमची विचारपूस करायला बाई आल्या, तर कमांडर श्टाडलर म्हणाले, "आमच्यात कुणी रडूबाई नाही. साइडर घ्या," आणि सफरचंदाच्या दारूचा पेला पुढे केला. सगळे हसले. बाईंनी मला विचारले, झोप लागते का. लागते, म्हणालो. लागत नव्हती.

काल श्टाडलरांच्या गोठ्यात जाऊन सगळे सांगितले. ते गाईची कास पुसत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी सगळ्यांसमोर बोलशील?"

"बोलेन."

"मग मीही बोलतो. मार्चपासून मी त्या वळणाने गेलेलो नाही. बायको विचारते, लांबून का येता. सांगतो, रस्ता खराब आहे." फडके पिळून म्हणाले, "त्या बाईंना बोलावतो. या वेळी साइडर नको."

पण तुम्हाला हे सभेतून कळू नये. मला कारण होते, तरी हात तुमचा भाजला. माफी मागत नाही. मागितली की तुम्ही लगेच देऊन टाकता.

रविवारी येतो. मला भेटायचे नसेल तर नर्सला सांगून ठेवा. आई डबा घेऊन वर येईल, मी खाली गाडीत बसेन.

"आपला" लिहायला हात धजत नाही.

लोरेन्झ