फरशी चाटणारी पोरगी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
बुधवार

प्रिय धम्मा,

फोनवर मी क्रांतीचं नाव काढलं की तू म्हणतोस, अक्का, टँकर आलाय, मग बोलू. ते मग काही येत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. तू वसतिगृहात होतास तेव्हा दर आठवड्याला लिहायची तसंच लिहिते आहे, वर उजवीकडे वार टाकून, डावीकडे समास सोडून. कॉन्व्हेंटच्या सिस्टर फिलोमिनांनी लावलेलं वळण. पत्र लिहिताना पाठ ताठ ठेवावी असं त्या सांगायच्या. आज पाठ दुखते आहे, पण ताठ आहे. तेव्हा वारणेचं दूध घटकाभर थांबू दे आणि हे शेवटपर्यंत वाच.

तुझी लेक समोर जमिनीवर बसून बॅग भरते आहे. खिडकीच्या कट्ट्यावर माझ्या कोरफडीच्या कुंड्या होत्या, त्या तिने इथे राहायला आल्या आल्या खाली उतरवल्या आणि दगड मांडले. पन्हाळ्याचा जांभा, राधानगरीच्या वाटेवरचा काळा पाषाण, कॉलेजच्या सहलीत बदामीहून उचलून आणलेला तांबडा वाळूचा दगड. धूळ पुसायला गेले तर म्हणते, आत्या, हात लावू नकोस, ओळीने ठेवलेत. आता ती ओळ वर्तमानपत्रात गुंडाळून झाली आहे आणि कट्टा मोकळा दिसतो. कुंड्या परत वर ठेवाव्यात असं काही मला अजून वाटत नाही.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. आपल्या बाबांचा जन्म रस्त्याकडेला खडी फोडण्यात गेला. त्यांनी आपल्याला त्या धुळीतून वर काढलं. तू डेअरीत सुपरवायझर झालास, पोरीला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलंस, ते काय तिने डोक्यावर हेल्मेटचं टोपडं घालून पुन्हा दगडाच्या चुऱ्यात हात घालावा म्हणून? कॉलेजात शिकवायची नोकरी धरावी, पंख्याखाली बसावं, मुरगूडकरांचं चांगलं स्थळ आलंय तर लग्न करावं. यात तुझं प्रेम आहे, हे मला कळतं. म्हणूनच इतके दिवस गप्प राहिले. पण गेल्या रविवारी माझ्याच घरात जे झालं, आणि त्यानंतर तू मुरगूडकरांना जो शब्द दिलास, त्यानंतर गप्प राहणं मला जमणार नाही.

तुला त्या दिवशीची हकीकत मुरगूडकरांकडून कळली. आता माझ्याकडून ऐक. मुलाच्या वडिलांचं, आकाराम पाव्हण्यांचं, मुरगूडला बंगल्याचं काम चालू आहे. त्यांनी एका फेरीत दोन कामं काढली होती, आधी स्वयंपाकाच्या ओट्याची फरशी बघायची आणि मग मुलगी. त्यामुळे पोह्यांच्या बशीशेजारी फरशीच्या नमुन्यांची पिशवी. मुलगा, प्रसेनजीत, बिचारा शांत आहे, माझं त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. त्याच्या आईने क्रांतीला विचारायचं ते सगळं विचारलं. मग बोलणं संपलं तेव्हा आकारामांनी पिशवीतून एक काळा तुकडा काढला आणि थट्टेत म्हणाले, "तुम्ही दगडाच्या डाक्टर न्हवं? मग सांगा बघू आमचा ग्रॅनाइट कसा हाय."

आता यात त्या पोरीची काय चूक? तिला दगड दिला की ती जे करते तेच तिने केलं. तुटकी कड उजेडाकडे धरली, जिभेने ओली केली आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. ओला केला की कण उठून दिसतात, त्यांच्यात सगळेच असं करतात. पण ते त्या माउलीला कोण सांगणार? साडी नेसलेली, केसात गजरा माळलेली मुलगी भर कार्यक्रमात फरशी चाटते आहे, हे बघून त्यांच्या हातातला चहा साडीवर सांडला. आणि आपल्या क्रांतीने मान वर करून शांतपणे सांगितलं, "ग्रॅनाइट न्हाय हा, काका. डोलेराइट. दुकानदार सगळ्या काळ्याला ग्रॅनाइटच म्हणतात. पण ओट्याला चांगला हाय, घ्या."

खरं सांगू? आकाराम मनापासून हसले. त्यांच्या बायको नाही हसल्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पेठेत पोचली. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं तिला 'फरशीवाली' म्हणायला लागली. दुसऱ्या दिवशी ती दुधाला गेली तेव्हा एकाने विचारलं, काय फरशीवाली, आज नाश्त्याला शहाबादी का कडाप्पा? तिने सांगितलं, तुझ्या डोक्यातला नमुना दे, बघते चव. तेव्हापासून ती पोरं तिला घाबरून आहेत, आणि तिची बॅग उचलायला एका पायावर तयार आहेत.

मग सोमवारी मुरगूडचा निरोप आला तो थेट तुला. मुलगी पसंत, पण नोकरीचं खूळ सोडायचं आणि ते दगड चाटणं बंद. तू हो म्हणालास. येत्या रविवारी वारणानगरला हॉल ठरवलास, साखरपुड्याचा. मला तुझ्या बायकोकडून, अनुजाकडून कळलं, क्रांतीला माझ्याकडून. तिने तुला फोन लावला तेव्हा तुझा टँकर आला होता. जिचं नाव तू स्वतः हौसेने क्रांती ठेवलंस, अख्ख्या वस्तीला पेढे वाटून, तिला एकदाही विचारलं नाहीस.

तिला काय नोकरी मिळाली आहे हे तू नीट ऐकून तरी घेतलं आहेस का? मीही आधी घेतलं नव्हतं. मला वाटायचं, तेलाची विहीर म्हणजे भोक पाडलं की कारंजं. तसं नसतं. बाडमेरच्या वाळवंटात यंत्र खाली जमीन कापत जातं आणि कापलेल्या दगडाचा चुरा चिखलाबरोबर वर येतो. तो धुऊन, चाळून, भिंगाखाली बघून सांगायचं, आपण आता कुठल्या थरात आहोत, तेल जवळ आहे की नाही. ते सांगणारी ही. मुलाखतीत तिला विचारलं, तिथे सगळे पुरुष असतील, तुम्ही राहाल का? तिने विचारलं, बाथरूमला आतून कडी आहे का? ते म्हणाले, आहे. मग राहीन, म्हणाली. निवड झाली.

परवा तिने मला माझ्याच बाथरूममध्ये नेलं. खिडकी पुठ्ठ्याने झाकली, खालच्या गॅरेजमधून आणलेल्या ऑइलचा थेंब वाळूत कालवून बशीत ठेवला आणि जांभळ्या उजेडाचा बारका दिवा लावला. ती काळपट वाळू निळसर पिवळी चमकायला लागली, धम्मा. वाळूत लपलेलं तेल असं डोळ्यांना दिसतं म्हणे. मी म्हातारी बादलीच्या काठाला धरून लहान मुलीसारखी बघत राहिले. तिचा चेहरा त्या उजेडात अगदी आपल्या आईसारखा दिसत होता. आईला, आपल्या मीनाबाईला, चूल पेटली की जो आनंद व्हायचा, तो.

तिथेच तिने मला एक गोष्ट शिकवली. ती मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. खाली कापलेला चुरा लगेच हातात येत नाही. तो वर यायला वेळ लागतो, आणि तोवर यंत्र आणखी खाली गेलेलं असतं. त्यामुळे हातातला दगड मघाचा असतो, आत्ताचा नाही. हा हिशोब जो विसरतो तो चुकतो. मी ऐकलं आणि मला तू आठवलास. तुझ्या मनात जे वर येतं आहे ते बाबांच्या खोकल्याचं आहे. तोंडाला फडकं न बांधता सगळं आयुष्य धूळ गिळलेल्या माणसाचा खोकला. तू त्यांच्या उशाशी बसून तो ऐकलास, मीही ऐकला. त्यांचा खडी फोडायचा हातोडा तू त्यांच्याच धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकलास, तो दिसू नये म्हणूनच ना? मी त्यासाठी तुला कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. पण ते भय मघाच्या थरातलं आहे. तुझी पोरगी आता दुसऱ्या थरात आहे. बाबांना कुणीतरी दाखवायचं, हा ढीग फोड. हिला विचारतात, बाई, हा दगड कुठला?

आणि बाबांना तू समजतोस तितके ते दगडाला विटलेले नव्हते. मी कॉन्व्हेंटात गेले ती त्याच दगडामुळे. शाळेपुढचा रस्ता होत होता, बाबा खडी फोडत होते आणि मी उन्हात बाजूला बसले होते. सिस्टर फिलोमिना छत्री घेऊन बाहेर आल्या आणि मला आत घेऊन गेल्या. तेव्हा आपल्याच लोकांनी बाबांना वेड्यात काढलं. मडमेसारखं बोलायला शिकून पोरगी काय केरबाच्या खडीवर इंग्रजी बोलणार, असं विचारायचे. बाबा म्हणाले, "व्हय, बोलंल की." पालकसभेला ते कामावरूनच यायचे आणि हातोडा फाटकावरच्या शिपायाजवळ ठेवायचे. आत आले की ताठ बसायचे.

नंतर मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. इंग्रजी येत होतं म्हणून ट्रंक कॉलवर घेतलं. तू तेव्हा शाळेत होतास, तुला फक्त पगाराच्या दिवशीची जिलबी आठवत असेल. पण रात्रपाळी होती, धम्मा. संध्याकाळी डबा घेऊन निघालेल्या पोरीकडे पेठ कशी बघते, ते तुला तेव्हा कळायचं वय नव्हतं. एकाने बाबांना वाटेत अडवून सांगितलं, पोरीला आवर, नाव जाईल. दुसऱ्या दिवशी माझी रात्रपाळी होती. मी दार उघडलं तर बाबा बाहेर उभे. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, आणि खांद्यावर खडीचा हातोडा. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, "तुला सोडाय."

कट्ट्यासमोरून, पानाच्या टपरीसमोरून, एक्स्चेंजच्या दारापर्यंत ते माझ्या बरोबरीने चालले. कुणाकडे बघितलं नाही, कुणाला एक शब्द बोलले नाहीत. माझी रात्रपाळी लागली की पहिल्या दिवशी हे ठरलेलं. त्या हातोड्याने आयुष्यात खडीशिवाय काही फोडलं नाही. पण पुन्हा कुणी मला आवरायला सांगितलं नाही. पुढे माझी ठरत आलेली लग्नं मोडली, त्या नोकरीपायीच मोडली, आणि मी एकटी राहिले. तू म्हणतोस, अक्काचं झालं तसं पोरीचं व्हायला नको. माझं काय झालं रे? मला माझा पगार होता, माझं घर आहे, आणि बाप मला सोडायला आला होता. एवढं किती जणींना मिळतं?

आता ऐक. मी काल आकारामांना फोन केला. आधी क्रांती बोलली, मग मी. तिने सांगितलं, काका, मी नोकरीला जाणार आहे, रविवारी मी नसेन. तुमच्या घरी राग आला तर तो माझ्यावर, बाबांवर नको. आकारामांनी एवढंच विचारलं, "ओट्याला मग त्योच घेऊ न्हवं?" तिने सांगितलं, घ्या. त्यांच्या बायको पुन्हा आपल्या दारात येणार नाहीत, हे मला माहीत आहे. येऊ नयेत. हॉलवाल्याला तू सांग, नाहीतर मी सांगते.

पोरीने मला विचारलं होतं, आत्या, गुपचूप निघू का, पहाटे, म्हणजे तुला बोलणी नकोत. मी म्हटलं, मुळीच नाही. चोरासारखी जायला तू काय चोरलं आहेस? ती शनिवारी दुपारच्या अहमदाबादच्या गाडीने निघते, तिथून पुढे बाडमेर. भर दुपारी निघेल, पायात ते अवजड बूट घालून, तालमीच्या कट्ट्यासमोरून. पोरं हलगी आणतो म्हणाली, तेवढं मी नको म्हटलं. अनुजाने एसटीच्या कंडक्टरच्या हाती कांदा-लसूण चटणीची बरणी पाठवली आहे, ती पोचली. अनुजाला यावरून एक शब्दही बोलायचा नाही.

हे पत्र मी तुझी परवानगी मागायला लिहिलेलं नाही, ती वेळ गेली. तिला स्टेशनवर सोडायला मी जाणारच आहे. गुडघे दुखतात, तरी चालतच जाईन, रिक्षा करणार नाही. पण मी आत्या आहे, बाप नाही. काल बॅग भरता भरता तिने विचारलं, आजोबांचा हातोडा अजून आहे का गं? तिकडे त्याचं काही काम नसतं म्हणे, तरी तिला तो हवा आहे. मी म्हटलं, आहे, तुझ्या बाबांकडे. तेव्हा शनिवारी जेवायच्या आधी इथे पोच. त्याआधी तुझ्या माळ्यावर चढ, हातोड्यावरचं धोतर सोड, आणि ते तिथेच राहू दे. हातोडा पिशवीत घालून आणू नकोस. खांद्यावर टाकून ये.

तुझीच,
अक्का