आमच्या बँडमधली घंटा

३ मार्च
आमच्या जुन्या बँडच्या निवडक गाण्यांचा अल्बम निघतोय. रेकॉर्ड कंपनीतल्या मुलीचा फोन आला. तीस वर्षं उशीर झाला, पण मी मनात काही ठेवलेलं नाही. एवढा दमलेला माणूस मनात तरी काय काय ठेवणार.
बारा गाणी, सोबत पुस्तिका, त्यात प्रत्येकाचं नाव आणि वाद्य. तिने विचारलं, सर, तुम्ही बँडमध्ये काय वाजवायचात? मी म्हणालो, घंटा. बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, तुमच्याइतकं मोकळं कुणीच बोललं नाही. कलावंत भेटला की लोक खुलतात.

४ मार्च, ऑफिस
बँड कसला, अर्धा ऑर्केस्ट्राच. गिटार, ड्रम, चार व्हायोलिनं, दोन चेलो आणि मी. माझी घंटा म्हणजे उंच स्टँडला टांगलेल्या पितळी नळ्या, हातात लाकडी हातोडी. शेवटचं गाणं तेरा मिनिटांचं. त्यात बारा मिनिटं मनात आकडे मोजत उभं राहायचं आणि मग एकच ठोका. सगळ्या गाण्याचा भार त्या ठोक्यावर. हे बाकीच्यांना कधी कळलं नाही.
साहेबांना बातमी दिली. ते म्हणाले, जुन्या विम्याच्या फायली आज वर यायला हव्यात. तळघरात दिवसभर शिडी चढ-उतर. गुडघा बोलतोय.

५ मार्च
लेकीला फोन. तिला लहानपणापासून वाटतं, बाबांनी बँडची गोष्ट रचलीय. एकुलत्या एका फोटोत मी नळ्यांच्या मागे आहे, फक्त कोपर दिसतं. कोपर कुणाचंही असू शकतं, असं ती दहाव्या वर्षी म्हणाली होती. ते अजून लागतं. तिला सांगितलं, छापील पुरावा येतोय, बघायला ये. बरं म्हणाली.

६ मार्च
संकल्प. रोज पहाटे चालणे. पोट कमी करणे. अल्बम आला की कार्यक्रम होणारच, तेव्हा भाषण पाच मिनिटांच्या वर नाही.

७ मार्च
चाललो नाही. चपलेचा अंगठा तुटला.

११ मार्च
सरावाला सुरुवात. गॅलरीत लोखंडी पाइप टांगला. पहिल्याच ठोक्याला खालच्या मजल्यावरचे काका धावत वर आले, प्लंबर कधीपर्यंत थांबणार म्हणून. ही म्हणाली, प्लंबर जेवून जाईल. हिला संगीतातलं कळत नाही, पण तीस वर्षं माझे आकडे ऐकत आलीय. झोपेतही मोजतो म्हणे.

१२ मार्च
सराव बंद. एका ठोक्याला सराव कशाला? तो अंगातच असतो.

२९ मार्च
पुस्तिकेसाठी कंपनीने फोटो मागितला नाही. बहुतेक त्यांच्याकडे असेल.

१७ एप्रिल
पार्सल आलं. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. पुस्तिका तीनदा वाचली. गिटार आहे, ड्रम आहे, व्हायोलिनवाले चौघे, चेलोवाले दोघे. घंटा नाही. मी आहे, शेवटच्या पानावर, ‘विशेष आभार’मध्ये. माझ्या आधी टेम्पोवाले, माझ्यानंतर खुर्च्या भाड्याने देणारे.

१८ एप्रिल
कंपनीला फोन लावला. झापायचंच ठरवलं होतं. त्या मुलीला आठवत होतं. म्हणाली, सर, मी विचारलं काय वाजवायचात, तुम्ही म्हणालात घंटा. मला वाटलं, काहीच नाही असं म्हणताय. आम्ही तसंच बोलतो ना. बिचारी रडवेली झाली. म्हणाली, नवी आवृत्ती निघाली तर नक्की. मी म्हणालो, अगं, असू दे, होतं असं. फोन ठेवल्यावर हिला सांगितलं. ही आधी हसली, मग माझ्याकडे पाहून चहा टाकायला उठली.

१९ एप्रिल
एका अर्थी बरंच झालं. नाव काय, कुणाचंही छापून येतं. वाजवलेलं थोडंच पुसता येतं? लेकीला गाणंच ऐकवायचं. कान खोटं बोलत नाहीत.

२१ एप्रिल, रविवार
लेक आली. पुस्तिका कपाटात ठेवली होती. शेवटचं गाणं लावलं. ती मांडी घालून, डोळे मिटून बसली. मोबाईलही बाजूला ठेवला. मला फार बरं वाटलं. बारा मिनिटं मनात मोजत होतो. वेळ जवळ आली तसं राहवेना. म्हणालो, आता येईल बघ, नीट ऐक, एकदाच आहे, आम्ही ते गाणं सात वेळा रेकॉर्ड केलं, सातव्यांदा तर मला ताप होता, तरी मी... आणि गाणं संपलं.
लेक म्हणाली, सुंदर आहे हो बाबा. मी विचारलं, ऐकू आली? म्हणाली, आली ना, शेवटी किती गोड लांबवलीय. घंटा लांबवता येत नाही. ते व्हायोलिन होतं.
मी म्हणालो, हो, तीच.