कुणी धरायचं नाही

कासारवाडी,
गुरुवार, दुपार

प्रिय धनेश,

घरात तुझ्या आई-बाबांसमोर मी तुला 'अहो' म्हणते, पत्रात मात्र 'अरे'च म्हणणार आहे. चालवून घे. फोन मुद्दामच केला नाही, हे पत्र कुरिअरनं पाठवतेय, शनिवारच्या आत हातात पडेल. फोनवर आपल्या ऋताच्या तपासणीचा विषय निघाला की नेमका तेव्हाच तुला तिकडं सुपरवायझर हाक मारतो. गुजरातच्या त्या प्लँटमध्ये एवढी कामाची माणसं नाहीत का रे? पत्राला 'बरं, ठेवतो' म्हणता येत नाही. तेव्हा चहा घे, पंख्याखाली बस आणि शेवटपर्यंत वाच. रागाचं आहे, पण नुसतं रागाचं नाही.

सोमवारी सकाळी ऋताची तीच मेंदूची तपासणी आहे, डोक्याला वायरी लावून करतात ती. गेल्या वेळी अर्धी राहिली होती, ती आता पुरी व्हायलाच हवी. कारण पोरगी अजून मध्येच हरवते. परवा गॅलरीत कपड्यांचे चिमटे रंगानं लावत बसली होती. लाल झाले, पिवळे झाले, आणि हिरवा हातात तसाच राहिला. मी हाक मारली, खांद्याला हात लावला, काही नाही. थोड्या वेळानं पुन्हा हिरवा लावला, जणू मध्ये काही झालंच नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, या फिट्स आहेत की तिचं तंद्रीत जाणं आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही, आणि कळल्याशिवाय औषध सुरू करणार नाही. त्यांचं बरोबरच आहे. तपासणीशी माझं भांडण नव्हतंच कधी. भांडण आहे ते ती करायच्या पद्धतीशी.

गेल्या वेळचं तू विसरला नसशील. केस धुऊन, कोरडे करून आणा असं त्यांनी बजावलं होतं. मी आदल्या दिवशी धुतलेही. आणि सकाळी मी डबा भरत होते तेवढ्यात आईंनी पोरीच्या डोक्यावर खोबरेल थापलं, मेंदूची तपासणी आहे तर डोकं थंड राहू दे म्हणून! त्यांच्यावर मी तेव्हाही चिडले नाही, आजही चिडत नाही. नातीला हॉस्पिटलात नेताना तेल लावायचं नाही तर काय करायचं, असं त्यांना मनापासून वाटतं. पण तिथं वायर काही चिकटेना. मग वायरी लावणाऱ्या माणसानं ओला कापूस घेऊन तिचं डोकं खसाखसा घासायला घेतलं, न सांगता, न दाखवता. वर ट्यूबलाइट फडफडत होती, शेजारी मशीन टीं टीं करत होतं. केस विंचरताना कुणी फणी जोरात ओढली तरी आपण ओरडतो. तिला तर शर्टाच्या कॉलरचं लेबलसुद्धा टोचतं. ती किंचाळली, आणि तो म्हणाला, 'धरा हिला.' दोघी नर्सनी हात धरले. पाय कुणी धरले ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

बाहेर बाकावर एक बाई होती, आठवते? 'लाडावून ठेवलीय. दोन फटके दिले असते तर गप पडली असती,' असं म्हणाली. मी तिला म्हटलं, मावशी, तुमचे दोन्ही हात बांधून अनोळखी माणसाला तुमचं डोकं घासायला सांगते, मग बघू तुम्ही किती गप पडता. तू मला म्हणालास, 'जाऊ दे ना, लोकं बघतायत.' बघू दे की! सोसायटीत, शाळेत, लग्नाकार्यात आजवर मी लोकांकडं बघूनच मान खाली घातली. आता लोकांनी माझ्याकडं बघावं.

नंतर कितीतरी दिवस ती डोक्याला हात लावू देत नव्हती. केस विंचरायचे म्हटलं की पलंगाखाली जायची. तुला बघितलं की पाय पोटाशी घ्यायची. आणि तुझ्या कंपनीला गुजरातला माणूस हवाय म्हटल्यावर सगळ्यात आधी हात वर केलास तो तूच.

पुढचं ऐक. एके दिवशी माझ्या कंपनीत नवीन गाडीच्या वायरिंगचं काम आमच्या लाइनवर आलं. नेहमीप्रमाणं आधी ट्रायल. बोर्डवर सावकाश लावून बघायचं, चुकलं तर सोडवायचं, पुन्हा लावायचं, कुणी घाई करायची नाही. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अरे, गाडीच्या वायरीला आपण ट्रायल देतो, आणि माणसाच्या पोरीला थेट लाइनवर घेतो? मी तिथल्या तिथं अण्णासाहेबांकडं गेले. आमचे शिफ्ट इनचार्ज, माहीत आहेत तुला, हसताना कुणी पाहिलेलं नाही. स्क्रॅपमधले वायरींचे तुकडे घरी न्यायचेत म्हटलं. ते म्हणाले, 'गेटपासवर कारण काय टाकू?' मी म्हटलं, मुलीच्या डोक्याला लावायला. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि तसंच लिहिलं. गेटवरच्या भिवाकाकांनी ते वाचलं आणि मला सॅल्यूट ठोकला. त्या दिवशी चाकणहून येणाऱ्या बसमध्ये मी एकटीच हसत होते.

हॉस्पिटलात मात्र कुणी सॅल्यूट ठोकला नाही. सकाळची पहिली वेळ द्या, ट्यूबलाइट बंद ठेवा, पलंगावर तिच्याजवळ मी झोपणार, प्रत्येक वस्तू आधी तिच्या हातात द्यायची आणि कुणी धरायचं नाही. एवढंच मागितलं. काउंटरवरची बाई म्हणाली, 'ताई, इथं प्रत्येकाचे लाड करत बसलो तर दवाखाना चालेल का?' मी म्हटलं, लाड नाहीत. पायऱ्यांशेजारी उतार बांधलाय तुम्ही, व्हीलचेअरवाल्याचे लाड म्हणून बांधलाय का? उद्या या म्हणाले, उद्या गेले. परवा या म्हणाले, परवा गेले. शिफ्ट बदलून बदलून गेले. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'हे आम्हालाच आधी सुचायला हवं होतं.' बघ, भांडल्यावर मिळतं. आपल्या घरात मलाच भांडकुदळ म्हणतात, म्हणू देत. मी आता हे नाव लावूनच घेणार आहे.

आणि घरी रोज संध्याकाळी ट्रायल चालू आहे. वायरींच्या टोकांची धातूची टर्मिनलं कापून स्पंजचे तुकडे लावलेत, चिकटवायला कोरफडीचा गर आणि कागदी पट्टी. पहिल्यांदा मी स्वतःला लावून घेतल्या. ऋता लांबून बघत होती. लाल वायर मी मुद्दाम चुकीच्या जागी लावली, तेव्हा तिला राहवेना, येऊन तिनं ती नीट केली! मग बाबांचा नंबर. अर्जुनरावांसारखा माणूस डोक्यावर रंगीत वायरी लावून पेपर वाचत बसलाय, शेजारचे डोकावतायत, आणि बाबा त्यांना म्हणतात, 'काय बघायलाव? या की, तुमचं बी तपासून घ्या.' आई आधी म्हणत होत्या, 'मला नको गं माय, करंट बसंल.' आता त्या तिच्यासमोर स्वतःच पाट मांडून बसतात, तेही बिनतेलाच्या केसांनी. रविवारी ऋतानं पहिली वायर स्वतःच्या डोक्याला लावून घेतली. काल सगळ्या. गादीवर पडून राहिली आणि मी एक अख्खी आरती म्हणेपर्यंत हलली नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडले, सांगते तुला. आनंदानं रडले.

आता हे पत्र कशासाठी, ते. सगळ्यांचं झाल्यावर ती रोज म्हणते, 'आता कोण?' आई, बाबा, मी, ती, संपलं की. पण तिचं संपत नव्हतं. काल ती उठली, दाराशी गेली आणि खुंटीवरचं तुझं हेल्मेट काढून आणलं. मांडीवर घेतलं आणि त्याला एकेक वायर लावली, लाल, पिवळी, हिरवी, सगळ्या, पट्ट्या दाबून दाबून. आणि म्हणाली, 'बाबा.' तू गेल्यापासून पहिल्यांदा. आज सकाळी ती शाळेत जाताना मी ते खुंटीला लावायला गेले, तर हात लावू देईना. तिच्या हिशोबात तुझी ट्रायल राहिलीय, आणि ती झाल्याशिवाय सोमवार येत नाही. तुला बघून ती पाय पोटाशी घेईल का, मला माहीत नाही. खोटा धीर देणार नाही. तू पाय धरलेस, ही गोष्ट पुसून टाकता येत नाही, आणि दूर राहून तर मुळीच नाही. माफी माग म्हणत नाही, काही आणूही नकोस. शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं नीघ, रविवारी तिच्यासमोर पाटावर बस, हात मांडीवर ठेव आणि तिला तुझ्या डोक्यावर काय लावायचं ते लावू दे. टोचलं तरी हलायचं नाही. या वेळी तुला कुणी धरणार नाही.

तुझीच, अजून तरी,
दिपाली

ता. क. केसांना तेल लावून येऊ नकोस.