तिळाभोवतीचं पांढरं कडं

४ फेब्रु.
डॉक्टरांची फी साखरपुड्यातल्या एका हाराएवढीही नाही. खरा खर्च वेगळाच. लेकीचं, सुप्रियाचं, ठरलेलं लग्न, हिची झोप, भावकीत माझी मान.

साखरपुड्यात वेणी माळताना मुलाच्या आत्याला सुप्रियाच्या मानेवरचा तीळ दिसला, भोवती पांढरं कडं. बँडच्या दणक्यातही मी ऐकलं, "वयनी, कोड हाय की गं हिला!" फौंड्रीत कास्टिंगवर हातोडी मारली की आतली चीर आवाजावरून सांगतो मी. माझ्या कानातून काही सुटत नाही.

मग गडहिंग्लजहून मुलाकडच्यांचा फोन. "थांबूया जरा."

म्हणून आज स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे. दिव्याच्या भिंगातून तीळ पाहिला, पाठ, हात, ओठ, सगळं तपासलं. तिळाचा रंग सारखा, कडा साफ, दुसरीकडे पांढरं कुठं नाही. म्हणाल्या, "हॅलो नेव्हस. कोड नाही, कॅन्सर नाही. शरीर आपणच तीळ पुसतंय. कातडीचा रंगही बहुतेक परत येईल, वर्षं लागतील." फोटो काढून ठेवला. औषध नाही.

५ फेब्रु.
डॉक्टरांचा कागद व्याह्यांना व्हॉट्सअ‍ॅप केला. लगेच फोन. "पावणं, कागुद खरा असंल. पर गावाला कोण वाचून दाखवणार?"
ह्याच माणसानं परवा आग्रह करकरून माझ्या तोंडात जिलेबी कोंबली होती.

९ फेब्रु.
निरोप आला. तीळ कापून घ्या, मग तारीख धरू.
मला पटलं. लहानसं काम, त्यात काय. सुप्रियाला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार नाही तर कापू कशाला? वर व्रण राहील तो वेगळाच." घरी येऊन सुप्रिया कडाडली, "त्यांच्या आत्यासाठी मी मान कापून घ्यायची व्हय, बाबा?"
मीही ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही.

१० फेब्रु.
सुप्रिया केस उंच बांधून, मान उघडी टाकून बँकेत कामावर गेली. माझ्याशी बोलत नाही.

१३ फेब्रु.
पावणे रविवारी येतायत, उत्तर घ्यायला. काय सांगू? हिला विचारलं, पोरीच्या मनात तरी काय हाय?
ही ताटं पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "पावणे बघून गेले त्याच रात्री जेवताना म्हणाली होती, मला हे स्थळ नको म्हणून. तुमच्या शेजारीच बसली होती."
मी ऐकलं नव्हतं.