उजवीकडून येणाऱ्याचा मान

२ जून, सकाळ

नकाशे छापणाऱ्या मंडळींनी यंदा पिवळ्या शाईत पाणी घातले आहे, याची येथे अत्यंत खेदाने नोंद करतो. या देशात खेड्यांना जोडणारे रस्ते नकाशावर पिवळे आणि त्याहून धाकटे पांढरे. गेल्या वर्षापर्यंत पिवळा हा पिवळा होता. आता सालेर्सकडे जाणारा रस्ता उजवीकडे सरकता सरकता विरून जातो. राज्ये अशीच लयाला जातात. ओडिलला दाखवले. ती म्हणाली, मला तर लख्ख दिसतोय. नवऱ्याची बाजू घेणे हिला तीस वर्षांत जमलेले नाही.

संकल्प: ८ जुलैला प्रस्थान. लिमोजहून दक्षिणेला, शेवट काँकला. हायवेला शिवायचे नाही. खेडी, फक्त खेडी. बाराच्या ठोक्याला जेवण, कारण दोन वाजता खेड्यातली चूल विझते आणि मग फ्रान्सचा राष्ट्रपती आला तरी त्याला उपाशी परत पाठवतात. गाडी अर्थातच मी चालवणार. ओडिल पॅरिसची, मेट्रोत वाढलेली. स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

ही वही मराठीत, कारण या घरात मराठी वाचणारा मी एकटा. संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले, पण गुपितांना मराठीच बरी.

५ जून

फाटकाचा उजवा खांब गाडीला घासला. (पुन्हा.) खांब ग्रॅनाइटचा, अडीच-तीनशे वर्षांचा, एवढ्या काळात जरासा सरकणे स्वाभाविक आहे. शेजारचा गास्पार कुंपणाला टेकून पाहत होता. निवृत्त खाटीक, नजर अजून वजनकाट्याची. म्हणाला, मोरिस, हा खांब क्रांतीतून वाचला रे, तुझ्यातून वाचेलसं वाटत नाही. एवढ्या वर्षांत त्याला 'मोरेश्वर' म्हणता आलेले नाही आणि हा माझा परममित्र.

संकल्प: खांब हलवून घेणे.

८ जून, रविवार

रंगीत तालीम. साँ-लेओनारपर्यंत जाऊन जेवून परत. हवा उत्तम, गव्हाला रंग चढलेला, माझे ड्रायव्हिंग प्रौढ आणि संयत.

एकच गोष्ट. इथला एक जुना नियम मला फार प्रिय आहे. गावात शिरलात की उजवीकडच्या गल्लीतून जो येईल त्याला आधी जाऊ द्यायचे. तुम्ही मोठ्या रस्त्यावर असा, गल्ली शेणाने माखलेली असो. मान उजवीकडून येणाऱ्याचा. 'अतिथी देवो भव' या वचनाचा वाहतुकीतला अवतार, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. तर आज अशाच एका गल्लीतून ट्रॅक्टर आला आणि मी अगदी ऐन वेळी, परंतु अत्यंत कौशल्याने, थांबलो. ट्रॅक्टरवरची बाई ओरडली, काय हो, तुमची उजवी बाजू सुट्टीवर गेलीय का?

जेवताना ओडिलने विचारले, तुला तो दिसला नाही का? मी म्हणालो, दिसला, पण त्याला नियम ठाऊक आहे का ते पाहत होतो. तिने क्लाफुती, म्हणजे इथला बिया न काढलेल्या चेरींचा केक, अर्धी टाकली. क्लाफुती टाकणारी बाई नव्हे ती. बियासुद्धा चोखून ठेवते.

१४ जून, शनिवार

ओडिलने परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन केला. अपॉइंटमेंट डिसेंबरात. या जिल्ह्यात डोळ्यांचे डॉक्टर धूमकेतूसारखे. दिसले तर नशीब. मी म्हणालो, प्रवास जुलैत, डॉक्टर डिसेंबरात, मग काय तो बर्फ बघायला चष्मा देणार? ती हसली नाही. नियमाप्रमाणे दुपारी गायनमंडळाच्या तालमीला गेली. दर शनिवारी जाते. हल्ली घरी मात्र गुणगुणत नाही.

२१ जून

आज देशभर संगीताचा दिवस. चौकाचौकात गाणी. ओडिलला सर्दी, म्हणून घरी. मी एकटाच चौकात गेलो. तिचे मंडळ गात होते. मध्यंतरात मंडळप्रमुख बाईंना गाठून ओडिलच्या वतीने दिलगिरी कळवली: सर्दी झालीय हो तिला, नाहीतर आली असती. बाई म्हणाल्या, बरीच लांबलेली सर्दी दिसते! ऑक्टोबरपासून ती इकडे फिरकलेलीच नाही.

ऑक्टोबरपासून. दर शनिवारी.

घरी आलो. ती कांद्याचे सूप ढवळत होती. तिने विचारले, कसं गायलं मंडळ? म्हणालो, तुझी उणीव भासली. तिने मान हलवली. काय निगरगट्टपणा!

२८ जून, शनिवार

न्यायशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण, अनुमान दुसरे. दोन्हींची सोय केली. पावाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. लांबट पाव छत्रीसारखा धरला, म्हणजे संशय नको.

गास्पारची गाडी गेली. आत गास्पार. आत ओडिलचा निळा स्कार्फ. गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली, जणू दोघांना कुठे पोहोचायचेच नाही. मागच्या बाजूला पांढरी गोल चकती चिकटवलेली. बहुधा वाइनच्या जत्रेची जाहिरात.

गास्पार. खाटीक! ज्याला मी तीन उन्हाळे पेटांक, म्हणजे इथला गोळाफेकीचा खेळ, खेळताना मुद्दाम जिंकू दिले.

संकल्प: मौन. शोक करणारे राजे अन्न वर्ज्य करीत. मी रात्री चीज वर्ज्य केले. नंतर थोडे खाल्ले. वास सुटला होता.

२९ जून

गास्पारशी पेटांक. मौन पाळायचे होते, परंतु माझा लोखंडी गोळा दोनदा मैदानाबाहेर गेला. तो म्हणाला, मोरिस, गोळा टाकतोयस की कोंबड्यांना दाणे? मी बोललो: मित्राचे घर फोडणाऱ्याने नेमबाजी शिकवू नये.  त्याने टोपी काढून डोके खाजवले. म्हणाला, हे तू ओडिलशी बोल बाबा, मी वचन दिलंय. पुढे म्हणाला, आणि जरा लवकर बोल.

वचन! म्हणजे प्रकरण वचनांपर्यंत गेलेले आहे.

३ जुलै

बोललो. नाश्त्याला, जर्दाळूच्या जॅमच्या साक्षीने. म्हणालो, मला सगळे कळले आहे, तू जाऊ शकतेस, मी अडवणार नाही. ती म्हणाली, कुठे जाऊ? मी म्हणालो, गास्पारकडे. तिच्या हातातली कॉफी टेबलक्लॉथवर सांडली आणि ती हसत सुटली. हसता हसता डोळे पुसू लागली, आणि पुसतच राहिली.

म्हणाली, अरे वेड्या, मी गाडी शिकतेय. ड्रायव्हिंग स्कूलचे धडे झाले, मग सरावासाठी गास्पार शेजारी बसायचा. काल परीक्षा पास झाले. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, परीक्षकाचं वय माझ्या निम्मं. आणि ती शिकाऊ लोकांची चकती! इथलं शेंबडं पोरही ओळखतं. तुला ती वाचता आली नाही?

माझे लक्ष नैतिक प्रश्नाकडे होते, असे मी उत्तर दिले.

ती म्हणाली, प्रवासाला जायचं. ठरल्या दिवशी. पण गाडी मी चालवणार. कारण विचारू नकोस, तुला माहितीये.

मला काहीही माहीत नाही. नोंद असावी की प्रियकर परवडला असता. प्रियकरांशी कसे वागावे यावर वाङ्मय आहे. ज्या बायकोने नवऱ्याला त्याच्याच गाडीतून पदच्युत केले, तिच्याविषयी एकही शास्त्र काही बोलत नाही. आणि कट ऑक्टोबरपासूनचा! ऑक्टोबरात तर माझे काहीच...

बरे. ऑक्टोबरात खांबाला पहिला ओरखडा गेला होता.

८ जुलै

प्रस्थान. निघताना गास्पारने डुकराच्या मांसाचे घरचे पॅते दिले, मला मिठी मारली आणि खाटकाच्या हाताने पाठीत थोपटले. म्हणाला, घरफोड्याकडून भेट. क्षमा केली. पॅते चांगले आहे.

मी उजव्या आसनावर. हुद्दा: मार्गदर्शक. मांडीवर नकाशा. ओडिल बैलगाडीच्या वेगाने चालवते, मागे वरात. एक तरुण शेजारून जाताना म्हणाला, आजी, झोप लागली का? ती म्हणाली, तू पुढे जा बाळा, तुझी जागा दवाखान्यात राखून ठेवलीय. माझ्यासमोर ती असे कधी बोललेली नाही. तिला मजा येते आहे. मला तो पराभव का वाटावा, कळत नाही.

संकल्प: उद्यापासून मार्गदर्शन अधिक अधिकारवाणीने.

९ जुलै

त्रेन्याकच्या पुढचे एक गाव. उजवीकडे दगडी भिंत, तिच्या कडेने गुलखैरा, मध्ये गल्ली. ओडिल थांबली. म्हणाली, उजवीकडे बघ रे, कोणी येतंय?

मी पाहिले. अधिकारवाणीने म्हणालो, कोणी नाही, चल.

तिने करकचून ब्रेक दाबला. बंपरसमोर सायकल, सायकलवर म्हातारा, रस्त्यावर त्याचा पाव. त्याने पाव उचलला, विजारीला पुसला, मग खिडकीत वाकून ओडिलला म्हणाला, मादाम, यांना कशाला विचारता? मला विचारायचं, मी सांगितलं असतं, मी येतोय.

ती हसली नाही. पुढच्या गल्लीशी तिने मला विचारलेच नाही. माझ्यापुढे झुकून स्वतः उजवीकडे पाहिले. त्यापुढच्या प्रत्येक गल्लीशी तसेच. दर वेळी तिचे केस माझ्या चेहऱ्याला लागत होते. मी नकाशा वाचत असल्यासारखा बसलो.

१० जुलै, काँक, सकाळ

देवळाच्या दारावर दगडात कोरलेला शेवटचा न्याय. मध्ये ख्रिस्त, डावीकडे स्वर्ग, उजवीकडे नरक. ओडिल कॉफी आणायला गेली होती. मी डावा डोळा तळव्याने झाकला. नरक नाहीसा झाला. सैतान, कढई, उलटा टांगलेला कंजूष, सगळे. तिथे नुसता करडा अंधार. मधला ख्रिस्तही अर्धाच उरला.

ऑक्टोबरात तो अंधार फक्त कडेला होता. पिवळी शाई ठीक आहे. खांब जागेवरच आहे.

ओडिल दोन कप घेऊन आली, माझ्या उजव्या बाजूला बसली आणि विचारल्याशिवाय सांगू लागली, तिकडे कढई आहे, तिच्यात एक जाडा पाद्री आहे, तुझ्या त्या कुलगुरूसारखा दिसतो. मी हसलो.

डिसेंबर फार लांब आहे. डावाही डोळा असाच गेला तर मी काय करू, याची मला फार भीती वाटते.