खाकी शर्ट

कारेलीबाग, बडोदे

तीर्थरूप आई,

लिखाणासाठी मी पोलिसातली नोकरी सोडली, आणि तुमच्या हाका सुरू झाल्या. "मालविका, घरीच आहेस ना, जरा कणीक मळ." बारा वर्षं ड्युटीवर निघताना डबा तुम्हीच हातात द्यायचात! वैतागून एक दिवस जुनी खाकी चढवूनच टेबलाशी बसले. तुम्ही दारातून पाहिलंत, आणि आवाज न करता चहा ठेवून गेलात. तेव्हापासून रोज खाकीच.

आता तुम्ही पादरा गावी वन्संकडे आहात. काल घरात एकटीच होते, म्हणून गाऊनवरच लिहायला बसले. दोन ओळी झाल्या आणि उठून भाजी निवडायला लागले. हाक कुणीच मारली नव्हती.

हे पत्र पाठवणार नाही. खाकी बगलेत उसवलीय. समा भागातल्या टेलरकडे आज नवी शिवायला टाकली.

तुमची सून,
मालविका